आंबट रान

आमच्या अण्णांना माती चाखायची सवय होती. कुणाच्याही रानात गेले की वाकून चिमूटभर उचलायचे, तळहातावर चोळायचे, जिभेच्या टोकावर ठेवायचे आणि मग थुंकून निकाल सांगायचे. नेवाशाकडच्या आमच्या गावात लोक त्यांना त्यासाठी मुद्दाम बोलावून न्यायचे. विहीर कुठे खणायची ते सांगणारा माणूस वेगळा होता, पण रान खारट होत चाललंय की अजून गोड आहे, ते अण्णांना विचारायचं. आमच्या स्वतःच्या रानासाठी मात्र जिभेची गरजच पडली नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. पाटाचं पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला, आणि अण्णांनी नि चुलत्यांनी हौसेहौसेने त्या काळ्या रानाला इतकं पाणी पाजलं की खालचं मीठ वर आलं. सकाळी बांधावर उभं राहिलं की जमिनीवर पांढरं फुटलेलं दिसायचं. जिथे उसात माणूस हरवायचा तिथे गवताची काडी येईना. वाटणी झाली तेव्हा असलंच रान अण्णांच्या वाट्याला जास्त आलं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. थोरलेपणाच्या तोऱ्यात त्यांनीच बरं रान धाकट्यांना देऊन टाकलं होतं. त्यांच्याकडे चांगली अशी बांधाकडची एक पट्टी तेवढी उरली होती.

आईचं माहेर अकोले तालुक्यातल्या डांगाणातलं. डांगाण म्हणजे सह्याद्रीच्या अंगाचा डोंगरी मुलूख. एकाच जिल्ह्यातला, पण आमच्यापेक्षा अगदीच वेगळा. आईला भाऊ नव्हता. तिची आई वारली, आणि आप्पा, म्हणजे तिचे वडील, घर, गुरं आणि डोंगराच्या उताराची जमीन घेऊन एकटे पडले. तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं. घरजावई हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडाने काढला नाही, पण अण्णांच्या तोंडावर तो रोज दिसायचा. निघायच्या आधी भांडी पोत्यात भरताना आई मला जवळ बसवून म्हणाली, "तितं ह्यांच्या हातानं काय उगवलं तर हे ऱ्हातील. न्हाई उगवलं तर ऱ्हायचे न्हाईत. तू थोरली हायेस म्हनून सांगते, पोपटला सांगू नको." पोपट म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी नुकती परकरावरून साडीवर आले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पण ते ऐकल्यापासून पुढचं दीड वर्ष माझं लक्ष पिकापेक्षा अण्णांवरच राहिलं. शेतात काहीही हिरवं दिसलं की मी आधी अण्णांच्या तोंडाकडे बघायची.

डांगाणातली माती तांबडी. आमची काळी माती पावसात चपलेला अशी चिकटायची की घरी येईस्तोवर चप्पल शेरभर जड व्हायची, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या, त्यात पोपटची गोटी गेली की गेलीच. ही तांबडी माती मात्र हातात धरावी तर बोटांतून गळून जायची. तिच्यात निम्मी वाळू आणि बारीक खडे. पाऊस पडून गेल्यावर घटकाभरात तिच्यातून चालावं, पाय झटकले की स्वच्छ. पोहोचलो त्या दिवशी अण्णांनी सामान उतरवायच्या आधीच उतारावर जाऊन चिमूट जिभेवर ठेवली. आप्पा काठी टेकत त्यांच्या मागे उभे होते. अण्णांनी थुंकून टाकली आणि म्हणाले, "आंबट हाय." आप्पांना त्यात काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "आंबटच हाय, पाव्हनं. ज्याला आंबटच लागतं तेच ती पिकवती." अण्णा नुसते हसले. ते हसणं मला आवडलं नव्हतं.

आता या वयात मला त्या आंबटपणाचं कारण माहीत आहे. तिकडे पाऊस असा की महिनामहिना सूर्य दिसत नाही. ते पाणी वाळूतून झिरपत जमिनीतला चुना धुऊन खाली नेतं आणि वर उरतो तो आंबटपणा. मातीची तपासणी करणारे त्याला सामू कमी म्हणतात. माझ्या नगरजवळच्या केडगावच्या घरी सूनबाईंनी गच्चीवर अनंताचं झाड लावलंय. त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिने खतं घातली, औषधं मारली, मोबाईलवर शोधशोध केली. मी तिला सांगितलं, अगं बाई, त्याला आंबट माती लागते, आणि तू त्याला बोअरचं जड पाणी घालतेस. त्याची भूक मेलीय, त्याला जेवायला वाढून काय उपयोग. तिने माझ्याकडे असं पाहिलं की म्हातारीला हे कुठून कळलं. कुठून कळलं ते सांगायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी पिवळी पानं खुडायला लागले.

आप्पांचं घर कुडाचं, कौलारू, एका बाजूला गुरांचा गोठा. पावसाळ्यात आत धूर आणि बाहेर धुकं, आणि दोन्हींत फरक कळायचा नाही. पाऊस लागला की तो कौलांवर पडतोय हे ऐकू येणंच बंद व्हायचं. चुकून थांबला तर सगळे दचकून वर बघायचे. बेडकं, ओढ्याचा घों घों आवाज, गोठ्यात डांगी बैलांच्या गळ्यातलं लाकडी लोढणं खुंट्याला आपटल्याचा आवाज. आई तिथे गेल्यावर अशी काही बदलली की मला तिची ओळखच पटेना. नेवाशाकडे ती खालमानेने वावरायची. इथे पदर खोचून ओढ्यात खेकडे धरायची, कुरडूची भाजी खुडून आणायची, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाटताना गुणगुणायची. आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर थापायची, तांबूस काळी. मला आणि पोपटला ती लगेच आवडली. अण्णांनी मात्र ती ताटात बघून बाजूला सरकवली. तसं ते काही वाईट बोलले नाहीत, पण आमच्याकडे बाजरी खाणाऱ्याने नागली खायची म्हणजे पायरी उतरणं. त्या दिवसापासून आई त्यांच्यासाठी अकोल्याच्या बाजारातून बाजरी आणवायची आणि रोज एकाच तव्यावर दोन रंगांच्या भाकरी व्हायच्या.

आप्पांनी घरामागचा मोठा उतार अण्णांना देऊन टाकला. पाव्हनं, तुमाला जे करायचं ते करा, म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात अण्णांनी तिथे बाजरी पेरली. आईने एकदाच विचारलं, इथल्या पावसात बाजरी टिकंल का, आणि अण्णा म्हणाले, बघू. बाजरी चांगली वाढली, कणसं धरली आणि सततच्या ओलीने कणसातच काळी पडून कुजली. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी वळवून त्यांनी गावरान कांदा लावला. त्यावर त्यांनी जीव ओतला; पहाटे उठून पाणी द्यायचे, वाफ्यावर बसून एकेक रोप न्याहाळायचे. कांदा सुपारीएवढा होऊन थांबला. पात पिवळी पडली, मुळं आखूड राहिली. पाणी दिलं की निथळून जायचं, खत टाकलं की पाण्याबरोबर तेही जायचं. बाजूच्याच तुकड्यात आप्पांची आणि आईची नागली, वरई आणि खुरासणी कुणी फारसं लक्ष न देता पिकून गेली. खुरासणीची पिवळी फुलं डोंगरभर पसरली तेव्हा आख्खं गाव सुंदर दिसत होतं, आणि अण्णा त्या फुलांकडे पाठ करून बसायचे. रागावले असते तरी बरं झालं असतं. ते गप्प झाले. बोलता माणूस गप्प झाला की घरात पाय कसे अवघडून ठेवावे लागतात, ते मी तेव्हा शिकले.

मग उन्हाळा आला आणि राब भाजायची वेळ झाली. राब म्हणजे रोप करायची जागा. नागली आधी एका तुकड्यात दाट पेरायची आणि पावसात तिची रोपं उपटून सगळ्या रानात लावायची. त्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर ऐनाच्या फांद्या, त्यावर पाला, गवत आणि वरून माती असे थर घालायचे आणि ते पेटवायचे. वारा जिकडे जातो त्या अंगाने पेटवायचं, म्हणजे भडका न होता सावकाश, जमिनीच्या पोटापर्यंत भाजत जातं. तण मरतं, आणि राखेने त्या मातीचा आंबटपणा उतरतो. चुना नाही तर राख तरी, असा तो साधा हिशेब होता. आप्पांकडे राब नेहमी उताराच्या वरच्या अंगाला असायचा. आईने तिथे पाला रचायला घेतला आणि अण्णा धावत आले. म्हणाले, माझ्या रानात राख टाकायची नाही. आईला आधी वाटलं चेष्टाच करतायत. पण ते पाल्यावर पाय रोवून उभे राहिले. भाजलेल्या राबाची ती पांढरी राख त्यांनी आदल्या वर्षी बघितली होती आणि त्यांना आपलं नेवाशाचं रान दिसलं होतं. "पांढरं फुटलं की रान गेलं," ते म्हणाले, "एक डाव बघितलं हाय मी. पुन्हा न्हाई बघनार." काळ्या रानात जन्म गेलेल्या माणसाला राखेची भीती वाटणं चूक नव्हतं. तिकडे खरंच राखेने रान बिघडतं. इथलं रान वेगळं, एवढंच. आईने वाद घातला नाही. तिने तो पाला उचलला आणि उताराच्या पायथ्याशी, खालच्या खाचरात नेऊन रचला. राब तिथे भाजला.

त्याच दिवसांत अण्णा एकटेच नेवाशाला जाऊन आले, आणि आले ते हसत. आमच्या चुलत घरातला रावसाहेब उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. कारखान्याचा हंगाम संपला की ते ट्रक रिकामे उभे असतात. अण्णांनी त्याला पटवलं होतं. आमच्याकडे मुरमाड रानावर तळ्यातला काळा गाळ नेऊन पसरतात, हलकं रान भारी होतं, हे अण्णांनी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून त्यांनी ठरवलं की या तांबड्या उतारावर काळी माती घालायची. आणि ती तळ्यातली नाही, कुणाच्या रानातली नाही. बांधाकडची ती चांगली पट्टी, त्यांच्या वाट्याच्या रानात गोड उरलेली तेवढीच, ती त्यांनी कमरेइतकी खणून काढली.

ट्रक आले तेव्हा गाव बघायला जमलं. रस्ता घरापर्यंत नव्हता, म्हणून माती खाली रस्त्याकडेला ओतली आणि तिथून बैलगाडीने नि डोक्यावर पाट्यांनी वर नेली. डांगाणातली पोरं त्या काळ्या ढेकळांना हात लावून बघत होती. माझं सांगायचं तर, मी एक ढेकूळ फोडून नाकाशी धरलं आणि मला भडभडून आलं. आमची विहीर, आमचं अंगण, चुलत्याच्या पोरी, सगळं त्या वासात होतं. आप्पा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते एकदाच म्हणाले, "पाव्हनं, हितला पाऊस तुमच्या तिकडचा न्हाई." अण्णा म्हणाले, माती चांगली असली की पाऊस काय वाकडं करतो. उतारभर माती पसरून झाली त्या दुपारी अण्णा तिच्यावरच आडवे झाले, उघड्या पाठीने, आणि घोरायला लागले. मी आईकडे वळले. तिला कळत होतं. जी डोंगरात जन्मली, जिने बांध फुटलेले बघितलेत, तिला काय कळणार नाही? पण कितीतरी महिन्यांनी हा माणूस शीळ घालत होता, पोपटला खांद्यावर घेऊन नाचवत होता, आणि आईने तोंडाला कुलूप लावलं. मी मोठेपणी याचा विचार पुष्कळ केला. तिच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते.

सुरुवातीचा पाऊस बरा गेला. खालच्या खाचरात राबावर नागलीची रोपं दाट हिरवी उठली. वर काळ्या मातीत अण्णांनी पुन्हा बाजरी टाकली होती, तीही उगवली, आणि अण्णा रोज सकाळी इरलं डोक्यावर घेऊन वर जाऊन बसायचे. मग झड लागली. तांबडी माती पाणी पिते आणि सोडून देते, म्हणून त्या पावसात ती जागेवर टिकते. काळी माती पाणी पिते आणि धरून बसते. ती फुगत गेली, जड होत गेली. खालून तांबडीवरून पाणी वाहत होतंच. एका सकाळी मी कुरडू खुडायला बाहेर पडले, आणि धुकं जरा हललं तेव्हा उताराचा खालचा निम्मा भाग मला तांबडा दिसला. आधी कळेचना की हे काय. काही धडाम आवाज झाला नव्हता, कुणी ओरडलं नव्हतं. काळी माती बाजरीसकट खाली घसरून खाचरात येऊन बसली होती, आणि तिच्याखाली राब होता.

आई आधीच तिथे पोहोचली होती. गुडघाभर चिखलात वाकून ती हाताने उपसत होती आणि रोपं ओढून काढत होती. वर यायची ती मुळं तुटलेली, पिळवटलेली. अण्णा धावत आले. त्यांनी उताराकडे पाहिलं, खाचराकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान पावसाला शिव्या देतील. ते आईच्या शेजारी उतरले आणि तेही हाताने उपसायला लागले. दोघं एकमेकांकडे न बघता उपसत होते. वरून पाऊस, आणि एक पाटी चिखल बाजूला काढावा तो दोन पाट्या सरकून यायचा. शेवटी आई उभी राहिली, हात झटकले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." अण्णा बराच वेळ तसेच वाकून होते.

डांगाणात एक रीत आहे. कुणाचा राब गेला, वाहून गेला, गुरांनी खाल्ला, तर त्याने मागायला जायचं नसतं. ज्याच्याकडे रोपं उरतात तो लावणी झाली की त्याच्या दारात नेऊन ठेवतो. आमच्या घरी शेजारची ठकूबाई आली, तिच्या मागून दुसरे आले. डोक्यावरचं इरलं न काढताच रोपांच्या जुड्या ओसरीवर ठेवायचे. अण्णा तिथेच बसलेले असायचे. येणारा प्रत्येक जण विचारायचा, पाव्हनं, बरं हाय ना, आणि निघून जायचा. काळ्या मातीबद्दल एका शब्दाने कुणी बोललं नाही, मागे हसलंही नाही. लोकांनी तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर अण्णा भांडले असते, आणि भांडून राहिले असते. ती ओली रोपं समोर पडलेली त्यांना सोसवेनात. ते उठून गोठ्यात जाऊन बसायला लागले. त्या रोपांनी थोडंसंच रान भरलं. त्या वर्षी घरात नागली अशी आलीच नाही म्हणायची.

गौरी उठल्या आणि अण्णा म्हणाले, धाकट्या भावाला तिकडे मदत पाहिजे, जाऊन येतो. जाऊन येतो म्हणणाऱ्याने सगळे सदरे कशाला न्यायचे? आईने घड्या घालून पिशवीत भरले. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते की आता बोलेल, मग बोलेल. ती बोलली ती एवढंच की दुपारची एस्टी कधी कधी लवकर येते. मला तिचा इतका संताप आला की मी त्या दिवशी जेवले नाही. अण्णा गेले. तिकडे धाकट्याला मदत वगैरे काही नको होती. स्वतःच्या रानात त्यांची चांगली पट्टी होती तिथे खड्डा होता आणि त्यात खारट पाणी साचलेलं. मग शिंगणापूरला ओळखीच्या एका माणसाच्या पूजासाहित्याच्या दुकानात ते बसायला लागले. गावोगावची माती चाखणारा माणूस तिथे तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या पानांच्या माळा विकत बसला.

थंडी पडली तशी वरच्या निम्म्या उतारावर उरलेली काळी माती वाळून तिला भेगा पडल्या. आप्पा म्हणाले, ही काढली पाहिजे, न्हाईतर पुढच्या पावसात वरचंही खाली आणंल. मग आई, मी आणि आप्पा कामाला लागलो. कुदळीने फोडायची, पाटीत भरायची आणि नेऊन ओढ्यात टाकायची. दिवसामागून दिवस तेच. माझे तळहात सोलपटले, मानेची शीर धरली. एका दुपारी मी पाटी रिकामी करून वर आले तर बांधावर अण्णा उभे. हातात कापडी पिशवी, अंगात धुतलेला सदरा. न कळवता आले होते. आम्ही काय करतोय ते त्यांनी बघितलं होतं. आईच्या हातातली कुदळ थांबली. मला वाटलं आता इथे काहीतरी भयंकर होणार.

"कुटं टाकताय?" त्यांनी विचारलं.

"वढ्यात," आई म्हणाली.

त्यांनी एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मग म्हणाले, "वढ्यात नगं. वाहून जाईल. वाटंच्या कडंला टाका, कुनाला अंगन करायला व्हईल." आणि त्यांनी सदरा काढून बांधावर ठेवला, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि माझ्या हातातली पाटी घेतली.

अंधारून येईपर्यंत ते वाहत होते. थांबले नाहीत, बोलले नाहीत. आप्पांनी एकदा पाणी पुढे केलं तेवढं प्यायले. मी खाली ढीग वाढताना बघत होते आणि अण्णांच्या तोंडाकडे बघायचं पहिल्यांदाच विसरले होते. आई पाटी भरून द्यायची, ते वाकून उचलायचे, आणि तसं करताना तिचा हात त्यांच्या हाताला लागायचा. तिच्या तोंडावर काय होतं ते मी आज सांगू शकत नाही, पण त्या दिवशी तिने पोपटला बोलावून लाडाने त्याचं नाक पुसलं होतं, ते आठवतं. उतार जवळजवळ सगळा तांबडा झाला. अण्णांनी ओढ्यावर हातपाय धुतले, आमच्यात बसून जेवले, आणि सकाळच्या पहिल्या एस्टीने निघून गेले. मी उठले तेव्हा बांधावर सदरा नव्हता आणि पिशवीही नव्हती. त्यानंतर ते वर्षातून सणाला यायचे, पोपटला काहीबाही आणायचे, आणि परत जायचे. राहिले असे कधीच नाहीत.

त्या उतारावर पुढच्या वर्षी नागली चांगली आली. नंतर दरवर्षीच आली. आप्पा गेले, पोपटने ते रान सांभाळलं, माझं लग्न होऊन मी नगरला आले. अण्णांना मी अधूनमधून शिंगणापूरला जाऊन भेटायची. एकदा गिऱ्हाईक नसताना, पानांच्या माळांवर पाणी शिंपडता शिंपडता, ते आपणहून बोलले. "त्या दिशी माती वाहिली ना आपन, दिवसभर वाट बगत हुतो मी. कोनीतरी ऱ्हा म्हनंल म्हनून. तुझी आय काय बोलली न्हाई." एवढं बोलून त्यांनी दुसरी माळ घेतली.

अण्णा वारले ते तिकडेच. दहावा झाला त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. बायका उठून गेल्यावर मी आईला सरळ विचारलं, तुला एक शब्द जड झाला होता का? तो माणूस दिवसभर त्या एका शब्दासाठी पाट्या वाहत होता. आणि मी तिला अण्णा दुकानात जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं.

आई रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, अशी की मी काहीतरी उलटंच बोलले आहे.

"मी म्हननारच हुते की," ती म्हणाली. "त्यांना बांधावर बगितलं तवाच म्हननार हुते. मंग त्यांनी सदरा काडला न् पाटी उचलली. मला वाटलं, हे ऱ्हायले. आता म्हनायचं काय ऱ्हायलं?"